कपाळ ठणकतंय? आधी चोर ओळखा!

कांदा, बैलाचं शिंग, बाम आणि अर्धशिशी : सायनसच्या डोकेदुखीच्या चटकदार गोष्टी

मार्च-एप्रिलचे दिवस. देवळा तालुक्यात उन्हाळ कांद्याची काढणी जोरात असते. वाळलेली पात कापली जाते, टरफलं उडतात, ट्रॅक्टरमागे धुळीचा लोट उठतो. अशात कुणी कपाळाला हात लावून ‘डोकं दुखी ऱ्हायनं भो’ म्हणालं, की शेजारचा लगेच निदान करून मोकळा होतो : ‘सायनस आहे तुला!’ मग वाफ, बाम, मेडिकलवरची गोळी, अशी वरात निघते. गंमत म्हणजे हे निदान बहुतेक वेळा चुकतं. कसं ते पाहू. सोबत सायनसचे, म्हणजे नाकाभोवती दडलेल्या पोकळ्यांचे, काही भन्नाट किस्सेही चाखू.

१. शंभरातले अठ्ठ्याऐंशी भलतेच निघाले!

२००४ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात २,९९१ जण तपासले. सगळ्यांची तक्रार एकच, ‘सायनसमुळे डोकं दुखतं.’ काहींनी तसं स्वतःच ठरवलं होतं, काहींना डॉक्टरांनी सांगितलं होतं. नीट प्रश्न विचारल्यावर त्यातल्या ८८ टक्के लोकांचं दुखणं मायग्रेनच्या, म्हणजे आपल्या अर्धशिशीच्या जातीचं निघालं. चोर एक आणि वर्षानुवर्षं मार खातोय दुसराच!

२. मग नाक का गळतं?

‘अहो, पण डोकं दुखताना माझं नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं. मग ते सायनसच ना?’ शंका रास्त आहे. पण चेहरा, कपाळ, डोळे, दात, नाक आणि सायनस या सगळ्यांच्या संवेदना मेंदूकडे नेणारी मुख्य नस एकच, ट्रायजेमिनल. अर्धशिशीत ही नस चाळवते आणि तिच्या जोडीने नाकातल्या रक्तवाहिन्या फुगवणाऱ्या, अश्रू गाळणाऱ्या नसाही जाग्या होतात. त्यामुळे सायनस ठणठणीत असूनही नाक चोंदू शकतं. त्यात अर्धशिशीही कपाळात, डोळ्यांमागे, गालात दुखते. खाली वाकल्यावर वाढते. म्हणजे ‘वाकलं की दुखतं, म्हणून सायनस’ ही गावठी परीक्षाही भरवशाची नाही. कांदालागवडीला दिवसभर ओणवं राहणाऱ्या बाईचं डोकं दोन्ही कारणांनी ठणकू शकतं.

३. तीन प्रश्न, एक मिनिट

डॉक्टर वापरतात ती एक सोपी चाळणी घरीही लावता येते. गेल्या तीन महिन्यांतल्या डोकेदुखीबद्दल स्वतःला विचारा :

• डोकं दुखताना मळमळतं का?
• उजेड नकोसा होतो का?
• निदान एक दिवस तरी या दुखण्यापायी काम बंद पडलं का?

तीनपैकी दोन ‘हो’ आले, तर अर्धशिशीचा संशय दाट. त्यात दुखणं ठसठसणारं, बहुधा एका बाजूचं आणि औषध न घेता ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत टिकणारं असेल, तर संशय आणखी पक्का. भर उन्हातलं काम, उपाशी पोट, अपुरी झोप ही अर्धशिशीची आवडती निमित्तं. चैत्रात सप्तशृंगगडाकडे पायी निघालेल्या भाविकाच्या वाट्याला तिन्ही एकदमच येतात.

४. खऱ्या सायनसची सही

सायनसला सूज येऊन डोकं दुखत असेल, तर ते दुखणं सहसा एकटं येत नाही. सोबत ही मंडळी असतात : नाकातून किंवा घशामागून उतरणारा घट्ट, पिवळा-हिरवा स्राव, चोंदलेलं नाक, कमी झालेला वास आणि कधी ताप. सुरुवात बहुधा सर्दीने झालेली असते. नाक कोरडं, वास शाबूत आणि तरी दर पंधरवड्याला कपाळ ठणकतं? मग सायनसवरचा आळ मागे घ्या.

दुखण्याची जागाही थोडा सुगावा देते. गाल आणि वरच्या दाढा दुखल्या तर गालातली पोकळी, भुवयांच्या वर दुखलं तर कपाळातली, दोन डोळ्यांच्या मध्ये दुखलं तर नाकाच्या मुळाशी असलेली. आणि डोक्याच्या माथ्यावर किंवा मागे दुखलं, तर कधीकधी कवटीत सगळ्यात आत दडलेली चौथी.

५. कपाळाचं सायनस वयाने मिळतं

अशा पोकळ्यांच्या चार जोड्या बहुतेकांच्या कवटीत असतात, पण सगळ्या जन्मतः तयार नसतात. गालातल्या आणि नाकाच्या मुळाशी असलेल्या पोकळ्या बाळ जन्मतं तेव्हा छोट्या रूपात असतात. कपाळातल्या मात्र नंतर आकार घेतात. सहा-सात वर्षांच्या आसपास त्या जाणवण्याइतक्या होतात आणि विशीच्या उंबरठ्यापर्यंत वाढत राहतात. तेव्हा अंगणवाडीतल्या पोराच्या कपाळात सायनस भरल्याचं कुणी सांगितलं, तर ते पोकळीच्या आधी पाणी भरल्यासारखं झालं!

आणखी एक मजा : प्रत्येकाच्या कपाळातल्या पोकळीचा आकार वेगळा. इतका, की अनोळखी मृतदेहाची ओळख पटवताना न्यायवैद्यक तज्ज्ञ जुना एक्स-रे काढून हा आकार ताडून पाहतात. बोटांचे ठसे मिळाले नाहीत, तरी कपाळ साक्ष देतं.

६. पाणी जायची वाट छतापाशी

गालातली पोकळी सगळ्यात मोठी. मोठ्या माणसात तिच्यात साधारण १५ मिलिलिटर, म्हणजे तीन चहाचे चमचे पाणी मावेल. पण तिची रचना पाहून कुठलाही गवंडी कपाळावर हात मारेल, कारण निचऱ्याचं भोक तळाशी नसून वर, छताजवळ आहे. उभ्या माणसात आतला स्राव आपोआप वाहून जाऊच शकत नाही. आतल्या अस्तरावरचे सूक्ष्म केस तो वर ढकलत नेतात. सर्दीने ते भोक सुजलं, की माल आत अडकला आणि दुखणं सुरू.

या पोकळीचं रेखाटन लिओनार्दो दा विंचीने १४८९ मध्येच करून ठेवलं होतं. वैद्यकात नाव झालं ते मात्र १६५१ मध्ये तिचं सविस्तर वर्णन करणाऱ्या नथॅनिएल हायमोर या इंग्रज डॉक्टरचं.

७. रोजचा लिटरभर माल

नाक आणि सायनस मिळून दिवसाला साधारण लिटरभर पातळ स्राव तयार करतात. तो आपण नकळत गिळतो आणि पत्ताही लागत नाही. मघाचे सूक्ष्म केस सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून धूळ, परागकण आणि जंतू घशाकडे रवाना करतात. पाणी कमी प्यायलं, हवा कोरडी झाली किंवा बिडी-सिगारेटचा धूर आत गेला, की या कामगारांचा वेग मंदावतो. नाक स्वच्छ ठेवायचा निम्मा उपाय इथेच कळतो : पाणी प्या आणि धूर टाळा.

८. सूर्याबरोबर चढणारं, सूर्याबरोबर उतरणारं

सुश्रुतसंहितेत डोक्याचे अकरा विकार सांगितले आहेत. त्यातल्या ‘सूर्यावर्त’ नावाच्या दुखण्याचं वर्णन वाचून आजचे कान-नाक-घसा तज्ज्ञही मान डोलावतील. हे सूर्य उगवताना सुरू होतं, सूर्य चढेल तसं वाढतं आणि दुपारनंतर ओसरतं. आधुनिक पाठ्यपुस्तकांत कपाळातल्या सायनसच्या दुखण्याचं वेळापत्रक जवळपास हेच आहे. उठल्यावर सुरुवात, भर दुपारी कळस, मग उतार. कचेरीच्या वेळेत छळतं म्हणून इंग्रजी पुस्तकांनी त्याला चक्क ‘ऑफिस हेडेक’ म्हटलं!

९. कांदा डोळ्यांना चावतो, गळतं नाक

कांदा चिरला की त्याच्या पेशी फुटतात आणि दोन वितंचकं, म्हणजे एन्झाइम, पाठोपाठ काम करून एक बाष्प तयार करतात. त्याचं नाव उच्चारतानाच डोळ्यांत पाणी येईल : सिन-प्रोपेनेथायाल-एस-ऑक्साइड. यातलं दुसरं वितंचक जपानी संशोधकांनी २००२ मध्ये शोधलं आणि २०१३ मध्ये त्यांना त्यासाठी ‘इग नोबेल’ हे गमतीचं पारितोषिक मिळालं. डोळ्यांतलं जास्तीचं पाणी एका बारीक नळीने थेट नाकात उतरतं, म्हणून कांदा चिरताना नाकही वाहतं. हे सायनस नव्हे, नुसती गळती. उमराण्याच्या किंवा देवळ्याच्या बाजार समितीत दिवसभर कांदा हाताळणाऱ्यांना जास्त त्रास होतो तो सुक्या टरफलांचा आणि धुळीचा. त्यावर उपाय साधा : नाकावर मास्क किंवा उपरणं, आणि घरी आल्यावर मिठाच्या पाण्याने नाक धुणं.

१०. चाळीतली काळी बुरशी निर्दोष!

२०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले. ही बुरशी नाकातून शिरून सायनस, डोळा आणि मेंदूपर्यंत पोचते. लगेच व्हॉट्सॲपवर अफवा सुटली, की कांद्यावरचा काळा थर म्हणजेच हा आजार. कांद्याची उगाच बदनामी झाली! कांद्यावर दिसणारा काळा थर बहुधा ॲस्परजिलस नायजर या दुसऱ्याच बुरशीचा असतो. म्युकर तिच्या कुळातलीही नाही. म्युकरचे खरे साथीदार म्हणजे बेलगाम वाढलेली साखर आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर. तरी एक काळजी घ्याच : जुनी कांदाचाळ उपसताना बुरशीची पूड नाकात जाऊ देऊ नका. कांदा निर्दोष असला, तरी ॲलर्जी असलेल्याला ती पूड सोसत नाही.

११. बांधावरचा पाहुणा

गाजर गवत अमेरिका खंडातून आलं आणि भारतात १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरलं. आज ते नाही असा बांध सापडणं मुश्कील. त्याच्या परागकणांनी अनेकांना शिंका, नाक गळणं आणि डोळ्यांची खाज होते. सतत सुजलेलं नाक म्हणजे सायनसची तुंबलेली वाट. हे गवत फुलावर यायच्या आत उपटा, हातमोजे घालून आणि नाक झाकून.

१२. बैलाच्या शिंगात सायनस!

पोळ्याला शिंगं रंगवताना हे आठवा : मोठ्या बैलाचं शिंग आतून पोकळ असतं आणि ती पोकळी थेट कपाळातल्या सायनसला जोडलेली असते. वासराचं वय वाढतं तसं सायनस शिंगात शिरतं. म्हणून मोठ्या जनावराचं शिंग बुडाशी मोडलं, की सायनस उघडं पडतं, त्यात धूळ-माशा शिरतात आणि नाकातून पू येऊ शकतो. जनावर डोकं एका बाजूला कलतं करून उभं राहतं. माणसाला निदान ‘दुखतंय’ म्हणता तरी येतं. मोडलेल्या शिंगाला घरगुती लेप थापत बसू नका, पशुवैद्याला बोलवा.

१३. मेंढीच्या नाकात भाडेकरू

शेतात बसवलेल्या मेंढरांच्या वाड्यात कधी मेंढ्या नाक जमिनीला टेकवून, एकमेकींच्या अंगाखाली डोकं खुपसून उभ्या दिसतात. त्या घाबरलेल्या असतात एका माशीला. इस्ट्रस ओव्हिस नावाची ही माशी मेंढीच्या नाकपुडीपाशी जिवंत अळ्या सोडते. अळ्या चढत चढत सायनसमध्ये जातात, तिथे वाढतात आणि शेवटी शिंकेबरोबर बाहेर पडून मातीत कोश करतात. आपल्या डोक्यात किडा वळवळतो तो बोलण्यापुरता, मेंढीच्या डोक्यात खराखुरा!

१४. हिरवा शेंबूड म्हणजे अँटिबायोटिक? नाही!

सर्दीत शेंबडाचा रंग बदलतो तो आपल्याच सैनिकांमुळे. पांढऱ्या पेशींमध्ये हिरवट रंगाचं, लोह असलेलं एक एन्झाइम असतं. लढाईत पेशी मेल्या की स्राव हिरवा दिसतो. जंतू विषाणू असो वा जिवाणू, रंग तोच. मोठ्या माणसांच्या शंभर सर्द्यांपैकी जेमतेम दोन जिवाणूंच्या सायनसदुखीपर्यंत पोचतात. बाकीच्या साध्या उपायांनी आणि वेळेने बऱ्या होतात.

जिवाणूंचा संशय घ्यायचा तो तीन वेळा : दहा दिवस उलटूनही काहीच उतार नसेल तेव्हा, बरं वाटू लागल्यावर पुन्हा जोरात बिघडलं तेव्हा, किंवा सुरुवातीपासून तीन-चार दिवस १०२ च्या वर ताप आणि पुवासारखा स्राव असेल तेव्हा. त्या वेळी डॉक्टरांकडे जा. गोळ्यांचं पान मेडिकलवरून परस्पर आणू नका.

१५. स्कॅनमध्ये दिसलं म्हणजे झालं असं नाही

१९९४ मध्ये साधी सर्दी झालेल्या ३१ जणांचा सीटी स्कॅन काढला. २७ जणांच्या गालातल्या सायनसमध्ये बिघाड दिसला! दोन आठवड्यांनी त्यातल्या काहींना पुन्हा तपासलं, तर अँटिबायोटिकशिवाय बहुतेकांचा साफ किंवा बराच कमी झालेला. साध्या सर्दीत ‘एकदा स्कॅन काढूनच टाकू’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा खिशात ठेवावा.

१६. एक नाकपुडी ड्युटीवर, दुसरी सुट्टीवर

आत्ता एक-एक नाकपुडी बंद करून पाहा. एकीतून हवा मोकळी, दुसरीतून कमी. काही तासांनी पाळी बदलते. जर्मन डॉक्टर रिचर्ड कायझर यांनी हे १८९५ मध्ये नोंदवलं. आपल्याकडे योग्यांनी त्याआधीच चंद्रस्वर आणि सूर्यस्वर अशी वाटणी करून ठेवली होती. तेव्हा रात्री एक नाक बंद वाटलं, की लगेच थेंब टाकायला धावू नका.

नाशिकच्या कुंभमेळ्यात एखाद्या साधूजवळ इंग्रजी टी अक्षराची काठी दिसते, तो योगदंड. काखेत दाब दिला की त्या बाजूची नाकपुडी आखडते आणि समोरची मोकळी होते. हे आधुनिक प्रयोगांतही दिसलं आहे. कुशीवर झोपलं की वरची नाकपुडी मोकळी होते, त्यामागेही हेच.

१७. गुणगुणा, सायनसमध्ये वारं फिरेल

सायनसमध्ये नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो. रक्तवाहिन्यांमधलं त्याचं काम उलगडणाऱ्यांना १९९८ चं नोबेल मिळालं. स्वीडनच्या संशोधकांनी २००२ मध्ये पाहिलं, की गप्प श्वास सोडण्याऐवजी तोंड मिटून ‘म्म्म्’ असा आवाज काढला, तर नाकातून या वायूचं प्रमाण सुमारे पंधरा पट वाढतं. आवाजाच्या कंपनांनी सायनसमधली हवा बाहेर-आत होते. आपल्या भ्रामरी प्राणायामाला ही छान पावती. सायनस यानेच बरं होतं असं म्हणता येणार नाही, पण करून पाहायला खर्च शून्य. गाता गळा नसेल तरी चालेल.

१८. जलनेती : उपाय जुना, नियम एकच

पंधराव्या शतकातल्या हठयोगप्रदीपिकेत नेती ही सहा शुद्धिक्रियांपैकी एक आहे. मिठाच्या पाण्याने नाक धुणं आज डॉक्टरही सुचवतात. अर्धा लिटर कोमट पाण्यात एक सपाट चहाचा चमचा मीठ. डोकं वाकवून एका नाकपुडीतून पाणी सोडायचं, तोंडाने श्वास घ्यायचा, दुसरीकडून पाणी बाहेर.

नियम मात्र मोडायचा नाही : पाणी निदान एक मिनिट खळखळ उकळून गार केलेलंच. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात २०११ मध्ये नळाचं पाणी थेट नेतीला वापरणारे दोघे दगावले. त्या पाण्यात मेंदू खाणारा अमिबा, नेग्लेरिया फावलेरी, होता. तो पोटात गेला तर काही करत नाही, नाकातून गेला तर जीव घेतो. विहिरीचं, बोअरचं किंवा गिरणा नदीचं पाणी न उकळता नाकात नको म्हणजे नको. नेतीचं भांडंही धुऊन कोरडं ठेवा.

१९. वाफेचा खरा हिशेब

घरोघरी सायनसचा पहिला उपाय म्हणजे वाफ. ब्रिटनमध्ये सायनसचा जुना त्रास असलेल्या ८७१ जणांवर झालेल्या प्रयोगाचा निकाल २०१६ मध्ये आला. नाक धुण्याचा फायदा दिसला, थोडाच पण खरा. वाफेने डोकेदुखी कमी झाली, बाकी तक्रारी जागच्या जागी. म्हणजे वाफ फुकट नाही, रामबाणही नाही. पण पातेलं सांडून भाजण्याचा धोका मोठा. लहान मुलांना उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर बसवूच नका. कपाळावर, गालावर कोमट पाण्यात पिळलेला रुमाल किंवा तव्यावर शेकलेली ओव्याची पुरचुंडी हा जास्त सुरक्षित शेक.

२०. बामची हातचलाखी

बाम लावला की ‘नाक उघडलं’ असं वाटतं. मोजून पाहिलं तर नाक उघडलेलं नसतं! त्यातला मेन्थॉल नाकातल्या थंडी ओळखणाऱ्या ग्राहीला डिवचतो आणि मेंदूला वाटतं, थंडगार हवा आली. हा ग्राही शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना स्पर्श आणि तापमानाच्या ग्राहींच्या कामाबद्दल २०२१ चं नोबेल मिळालं.

आपला अमृतांजन १८९३ मध्ये मुंबईत जन्मला. नागेश्वर राव पंतुलू हे त्याचे जनक. खंडाळा घाटातल्या ब्रिटिशकालीन पुलाला त्याच्या जाहिरातीवरून ‘अमृतांजन पूल’ हेच नाव पडलं. तो एप्रिल २०२० मध्ये पाडला गेला. बाम बरं वाटायला ठीक. डोळ्यांजवळ, नाकाच्या आत आणि तान्ह्या बाळांना मात्र नको.

२१. ठेचा खाल्ला, नाक वाहिलं

बाजरीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि काळ्या मसाल्याची शेवभाजी. दुसऱ्या घासाला नाक वाहायला लागतं. मिरचीतलं कॅप्सेसिन ट्रायजेमिनल नसेला ‘आग, आग’ असा खोटा निरोप देतं आणि नाक ती धुवायला पाणी सोडतं. चोंदलेलं नाक घटकाभर मोकळं वाटतं, पण सायनसचा इलाज म्हणून ठेचा लिहून देता येत नाही. जेवणाची चव वाढवायला मात्र जरूर लिहून द्यावा.

२२. थेंब आणि गोळीचे सापळे

नाक मोकळं करणारे थेंब, म्हणजे झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन, काही मिनिटांत जादू करतात. पण सलग तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले, की उतरताना नाक आधीपेक्षा जास्त सुजतं. मग पुन्हा थेंब, पुन्हा सूज. काही जण वर्षानुवर्षं बाटली खिशात घेऊन फिरतात.

सर्दीच्या अनेक गोळ्यांत फेनिलएफ्रिन असतं. तोंडाने घेतल्यावर नाक मोकळं करण्यात ते निरुपयोगी आहे, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागारांनी सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने सांगितलं. त्याच गोळीतलं क्लोरफेनिरामिन झोप आणतं. ती घेऊन ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालवू नका.

आणि सगळ्यात मोठा सापळा : महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस साधी वेदनाशामक गोळी, किंवा दहा दिवस मिश्र गोळी, असं तीन महिने चाललं, तर गोळीच डोकेदुखी बनते.

२३. संशयाची सुई दाढेवर

सायनस भरलं की वरच्या दाढा दुखतात, कारण त्यांची मुळं गालातल्या पोकळीच्या तळाला टेकलेली असतात. उलटंही होतं : किडलेल्या दाढेचा पू थेट सायनसमध्ये. एकाच बाजूचं नाक वाहतंय आणि घाण वास येतोय? कान-नाक-घसा तज्ज्ञाबरोबर दंतवैद्यालाही दाखवा.

२४. तपकिरीचा राजदरबारी प्रवास

पोर्तुगालमधला फ्रेंच वकील जाँ निको याने १५६० च्या सुमारास तंबाखू फ्रान्सच्या दरबारात पाठवली. डोकेदुखीवर औषध म्हणून तिची भुकटी नाकात ओढायची टूम निघाली. निकोटिन हे नाव त्याच्यावरूनच आलं. आपल्याकडेही ‘तपकीर ओढली की डोकं हलकं होतं’ म्हणणारे आजोबा पिढ्यान्पिढ्या होते. शिंका येऊन घटकाभर मोकळं वाटतं हे खरं, पण तंबाखू नाकात असो वा तोंडात, ती कर्करोगाचीच वाट. या उपायाला कायमची रजा द्या.

इथे थांबू नका, दवाखाना गाठा

• डोळ्याभोवती सूज किंवा लाली, एकाचे दोन दिसणं, नजर कमी होणं
• तापाबरोबर मान आखडणं, गुंगी किंवा फिट
• आयुष्यात कधी नव्हती इतकी जबर डोकेदुखी अचानक उठणं
• बोलणं अडखळणं, हातपाय लुळा पडणं
• मधुमेह असताना एका बाजूचा चेहरा दुखणं किंवा बधिर होणं, नाकातून काळपट स्राव
• पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, किंवा डोक्याला मार लागल्यावरची

आणि आता तुमची पाळी

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाचा हिशेब मांडता, त्याच चौकोनात महिनाभर चार गोष्टी लिहा : डोकं कधी दुखलं, किती तास दुखलं, नाकातून घट्ट स्राव होता का, आणि गोळी कोणती घेतली. मळमळ किंवा उजेडाचा त्रास झाला तर फुली मारा. स्रावाचे दिवस जास्त निघाले तर नाक तपासून घ्या, फुल्या जास्त निघाल्या तर अर्धशिशीवर नेमके उपचार मिळतात आणि ते लागूही पडतात. महिना संपला की ते पान फाडून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. निदानाचं निम्मं काम त्या एका पानावर झालेलं असेल.